जेवणाआधीचा फेरफटका : शहराच्या पोटातले गाव मित्रांसोबत कसे पाहावे

पसरत गेलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शहरात अशी एखादी वस्ती सापडते, की हमरस्ता सोडून आत वळले की शंभर पावलांत रहदारीचा आवाज मागे पडतो, रस्ता अंग चोरून घेतो, घरे बुटकी होतात आणि समोरून येणारा माणूस आपल्याकडे बघून चालण्याचा वेग थोडा कमी करतो. अशा वस्तीत मित्रांसोबत सकाळचे दीड-दोन तास रमतगमत हिंडावे आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला बसावे, यापेक्षा सुटीचा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. मात्र हा बेत साधा दिसत असला तरी तो हमखास बिघडतो आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते : फिरणे आधी ठरवले जाते आणि जेवण त्याच्या शेपटाला कसेबसे बांधले जाते. मग कोणी दमतो, कोणाला भूक अनावर होते आणि शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे बघत पळण्यात जातो. म्हणून या लेखातली सगळी आखणी उलट दिशेने, म्हणजे जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत केली आहे.

वस्ती कशी निवडावी

शहर वाढताना वाटेतली गावे गिळत जाते. पण काही गावे गिळली जाऊनही पचत नाहीत. पॅरिसमधले मोंमार्त्र १८६० सालापर्यंत शहराच्या हद्दीबाहेरचे स्वतंत्र गाव होते. बार्सेलोनातले ग्रासिया १८९७ मध्ये शहरात सामील करून घेण्यात आले, तरी आजही त्याचे छोटे चौक आणि आखूड गल्ल्या भोवतालच्या आखीव शहरापासून त्याला वेगळे पाडतात. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या काटकोनी रस्त्यांची योजना १८११ मध्ये तयार झाली, तेव्हा तिथल्या ग्रेनिच व्हिलेज या वस्तीचे रस्ते आधीच वापरात होते आणि ते तसेच राहिले. म्हणूनच एरवी एकमेकांना समांतर धावणाऱ्या आकड्यांच्या रस्त्यांपैकी वेस्ट फोर्थ स्ट्रीट तिथे तिरका होऊन टेन्थ, इलेव्हन्थ आणि ट्वेल्फ्थ स्ट्रीटला छेदून जातो. तोक्योचा यानाका हा भाग १९२३ च्या भूकंपातून आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून बराचसा वाचला, त्यामुळे तिथल्या गल्ल्यांची जुनी वीण टिकून राहिली.

या उदाहरणांतून जे दिसते तेच कोणत्याही शहराच्या नकाशावर शोधावे. भोवतालचे रस्ते सरळ असताना मधला एक तुकडा वाकडातिकडा दिसला, तर तिथे बहुधा जुने गावठाण असते, कारण ते रस्ते शेतांच्या बांधांवरून, ओढ्याच्या काठाने किंवा गाडीवाटेने पडलेले असतात. एका लहानशा त्रिकोणी मोकळ्या जागेत चार-पाच रस्ते येऊन मिळत असतील तर तो जुना नाका समजावा. रस्त्याच्या नावात विहीर, गिरणी, मळा, वेस असे काही असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. २००४ पासून लोकसहभागातून तयार होत आलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात गाड्यांना न जाता येणाऱ्या बोळी, पायऱ्या आणि पायवाटाही बऱ्याचदा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. गाडी चालवणाऱ्यांसाठी केलेल्या नकाशांत नेमक्या याच वाटा गाळल्या जातात आणि आपल्याला तर त्याच हव्या असतात.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जे गावासारखे दिसते ते सगळे जुने असतेच असे नाही. मोंमार्त्रच्या उतारावरचा प्रसिद्ध द्राक्षमळा पाहणाऱ्याला शतकानुशतकांचा वाटतो, परंतु आजचा मळा १९३३ मध्ये, त्या जागेवर बांधकाम होऊ नये म्हणून लावण्यात आला. मला त्यात फसवणूक दिसत नाही, उलट आपल्या वस्तीचा गावपणा टिकावा म्हणून लोकांनी घेतलेले कष्ट त्यात दिसतात. तरीही मित्रांना माहिती सांगताना ‘प्राचीन’ हा शब्द जपून वापरावा.

जेवणापासून मागे मोजणे

जेवणाची जागा आधी ठरवावी, आणि ती वस्तीच्या आत किंवा तिच्या वेशीवर असावी. फिरणे संपल्यावर पुन्हा वाहनाने कुठेतरी जायचे असेल, तर फेरफटक्याने जुळून आलेली मनःस्थिती वाहनतळावरच मोडते. टेबल राखून ठेवता येत असेल तर ठेवावे, आणि गट पाचपेक्षा मोठा असेल तर ते टाळूच नये. एकदा आम्ही सातजण चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो, तोवर आमची जागा दुसऱ्यांना दिली गेली होती. त्यात त्या लोकांची काहीच चूक नव्हती. आम्हीच वेळ मोजली नव्हती.

प्रौढ माणूस एकटा, सरळ रस्त्याने चालला तर तासाला साधारण पाच किलोमीटर जातो. या आकड्यावर मित्रांच्या फेरफटक्याचा हिशोब कधीही मांडू नये. गप्पा मारत, थांबत, मागे राहिलेल्याची वाट पाहत चालणारा गट तासाला दोन किलोमीटर गेला तरी पुष्कळ झाले. चढ असेल तर स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा उपयोगी पडतो : सपाटीच्या वेळेत दर सहाशे मीटर चढाला एक तास, म्हणजेच दर दहा मीटर चढाला एक मिनिट मिळवायचे. एका टेकडीवजा वस्तीत साठ मीटर चढायचे असेल तर केवळ चढाची सहा मिनिटे जास्त लागतील. हा हिशोब डोंगरात चालण्याची सवय असणाऱ्यांसाठी आहे, म्हणून मी तो नेहमी दुप्पट धरतो.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. जेवण एक वाजता असेल तर दाराशी पाऊण वाजता पोहोचायचे, हात धुवायचे, श्वास खाली बसू द्यायचा. त्याआधीची पंधरा मिनिटे कोणत्याही कामाला न देता मोकळी ठेवायची, कारण काहीतरी घडतेच. म्हणजे मुख्य चालणे साडेबाराला संपले पाहिजे. पावणेअकराला पाऊल उचलले तर हाती पावणेदोन तास येतात. त्यातला अर्धा तास बसण्यात, पाहण्यात आणि कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधण्यात जातो असे धरले, तर चालण्याला सव्वा तास आणि अंतराला अडीच किलोमीटर उरतात. भेटण्याची वेळ साडेदहा सांगावी. नकाशावर अडीच किलोमीटर फारच थोडे वाटतात आणि प्रत्येक वेळी आणखी एक गल्ली जोडण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे हीच या सगळ्या आखणीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी गोष्ट आहे.

वाट आखताना

वाट गोलाकार असण्यापेक्षा वाहन थांबते तिथून निघून जेवणाच्या जागी संपणारी असावी. म्हणजे मागे फिरण्याचा कंटाळा येत नाही. चढ असल्यास तो पहिल्या अर्ध्या तासात उरकावा. फक्त उतार पायऱ्यांचा असेल तर गुडघे दुखणाऱ्या मित्राला चढण्यापेक्षा उतरणेच अधिक जाचते, हे लक्षात ठेवून त्याला पर्यायी उताराचा रस्ता आधी पाहून ठेवावा. चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी बरोबर असेल तर पायऱ्यांच्या बोळी आणि गोट्यांची फरसबंदी या दोन्ही गोष्टी नकाशात आधी तपासाव्यात. इमारतींसाठीच्या अनेक मानकांत रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट चढापेक्षा, जास्त नसावा असे म्हटलेले असते; जुन्या गावांच्या रस्त्यांना अशी मानके ठाऊक नसतात, त्यामुळे शक्य असल्यास एकाने आदल्या आठवड्यात ती वाट एकदा चालून यावे.

सावलीचा विचार बहुतेक जण करत नाहीत आणि साडेअकराला पस्तावतात. दक्षिणोत्तर गल्लीत सकाळी पूर्वेकडच्या घरांची सावली रस्त्यावर पडते, पण मध्यान्ह जवळ येईल तशी ती भिंतीत शिरत जाते. पूर्व-पश्चिम गल्लीत उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या घरांची सावली दुपारीही थोडीफार टिकते, म्हणून तिथे दक्षिणेच्या पदपथाने चालावे. दक्षिण गोलार्धात हेच उलट होते. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत काही महिने मध्यान्हीला सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा भिंतींवर विसंबता येत नाही, झाडेच शोधावी लागतात. याचा सोपा निष्कर्ष असा की दक्षिणोत्तर गल्ल्या आधी पाहाव्यात आणि पूर्व-पश्चिम गल्ल्या तासाभराने. आणखी एक खूण खिशात कोणतेही साधन नसताना उपयोगी पडते : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर चढला आणि अतिनील किरण तीव्र झाले असे समजावे. अशा वेळी टोपी डोक्यावर आणि पाण्याची बाटली हातात असली पाहिजे.

वाटेच्या मध्यावर बसायला एक जागा हेरून ठेवावी, आणि तिथूनच एखाद्याला परतायचे झाले तर हमरस्त्यावर लवकर नेणारी एक वाटही. ती वाट वापरावी लागत नाही, पण ती आहे हे माहीत असले की थकलेला माणूस निर्धास्त होतो.

बरोबर कोण आणि किती

चार हा आकडा मला आदर्श वाटतो. चारपेक्षा जास्त माणसे झाली की एक संभाषण आपोआप दोन होते, हे कोणत्याही बैठकीत पाहायला मिळते. चालताना तर ते आणखी लवकर होते, कारण अरुंद पदपथावर दोघांपेक्षा जास्त जण एका ओळीत मावत नाहीत. तिघे शेजारी चालू लागले की मधला थोडा मागे पडतो आणि बाजूचे दोघे त्याच्याकडे वळून बोलतात. गर्दीच्या रस्त्यावर अभ्यासकांनी टिपलेली ही इंग्रजी ‘व्ही’सारखी रचना बोलण्याला सोयीची असली तरी समोरून येणाऱ्याची वाट पूर्ण अडवते. म्हणून आठजण असतील तर एकाच झुंडीने न हिंडता दोन गट करावेत, मध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि मध्यावरच्या बाकाशी सगळ्यांनी भेटून गट बदलावेत. शेवटच्या जागी वाट माहीत असलेला माणूस असावा; पुढे चालणाऱ्यापेक्षा मागे चालणाऱ्याला ती माहीत असणे अधिक महत्त्वाचे असते.

एक गोष्ट संकोच न करता आधी विचारून घ्यावी. गटात कोणाला मधुमेह असेल आणि तो इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेत असेल, तर जेवणाआधीचे लांबलेले चालणे आणि उशिरा वाढलेले ताट हा योग त्याच्यासाठी धोक्याचा ठरतो. हात थरथरणे, घाम सुटणे, अचानक चिडचिड किंवा गोंधळ ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे आहेत. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर अशा वेळी सुमारे पंधरा ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा मोठा चमचाभर साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी. तो गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध पडला असेल तर तोंडाने काहीही न देता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. ग्लुकोजची पुडी एकाच्या खिशात असावी आणि ती कोणाच्या खिशात आहे हे सगळ्यांना माहीत असावे.

चपला-बुटांबद्दल थोडक्यात एवढेच, की शतकभर पावले पडून गुळगुळीत झालेली दगडी फरसबंदी पावसाने ओली झाली की काचेसारखी निसरडी होते. तळव्याला पकड असलेले, पायाला सवय झालेले बूट घालावेत. नवे बूट या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत.

दुसऱ्यांच्या अंगणातून चालताना

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शांत वस्तीची शांतता तिथे राहणाऱ्यांची असते, आपण त्यांच्याकडून ती तासाभरापुरती उसनी घेतो. नेहमीचे बोलणे एक मीटरवरून साधारण साठ डेसिबल भरते, आणि निवांत राहत्या गल्लीत एरवीचा आवाज चाळीस ते पन्नास डेसिबल असतो. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट जाणवते. म्हणजे आपण ओरडत नसलो, अगदी सहज बोलत असलो, तरी दुतर्फा कठीण भिंती असलेल्या बोळीत आपण त्या सकाळचा सर्वांत मोठा आवाज असतो. मोठ्याने हसायचे असेल तर चौकात हसावे. खिडक्यांखालून जाताना आवाज खाली आणावा. या साध्या नियमाचे उल्लंघन हजारोंनी केले की काय होते ते दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या बुकचोन वस्तीत दिसते. पारंपरिक घरांच्या त्या वस्तीत आजही कुटुंबे राहतात, आणि पाहुण्यांचा त्रास इतका वाढला की नोव्हेंबर २०२४ पासून सर्वाधिक झळ बसलेल्या भागात पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळेत प्रवेश ठेवण्याचा नियम लागू करावा लागला.

छायाचित्र काढताना दार, भिंत, पाटी यांचे काढावे. उघड्या खिडकीच्या आतले, वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि लहान मुलांचे काढू नये. कोणी दारात उभे असेल तर आधी नमस्कार करावा, मग काय ते विचारावे. माझा अनुभव असा आहे, की ‘हे झाड किती वर्षांचे असेल?’ असा साधा प्रश्न विचारला तर माणसे मोकळेपणी बोलतात, आणि ‘इथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारले तर एखाद्या प्रसिद्ध जागेकडे बोट दाखवून आत निघून जातात. ग्रेनिच व्हिलेजमध्ये अनेक वर्षे राहिलेल्या, शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी रस्त्यावर सहज नजर ठेवून असणाऱ्या रहिवाशांमुळे वस्ती सुरक्षित राहते, ही गोष्ट आग्रहाने मांडली. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी टोरंटोत त्यांच्या स्मरणार्थ शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना वस्ती दाखवण्याचे फेरफटके सुरू झाले. दारात बसलेली ती आजी आपल्याकडे रोखून पाहते तेव्हा अवघडून जाऊ नये. ती तिचे काम करत असते.

काय पाहावे

एकट्या माणसाने सगळ्यांना सगळे दाखवण्यापेक्षा प्रत्येक मित्राला निघताना एकेक विषय वाटून द्यावा : एकाला उंबरे, एकाला कोपरे, एकाला खिडक्या, एकाला झाडे. मग प्रत्येकाचे थांबणे वेगळ्या ठिकाणी होते आणि चालण्याला आपसूक लय येते.

कोपऱ्यांचे उदाहरण घेऊ. युरोपातल्या अनेक जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी भिंतीला टेकवून बसवलेला गुडघाभर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला एक दगड दिसतो. वळणारी गाडी भिंतीला घासू नये म्हणून तो बसवलेला असे. चाक त्याच्यावर आले की घसरून परत रस्त्याकडे ढकलले जाई आणि चाकाचा तुंबा, म्हणजे मधला बाहेर आलेला भाग, भिंतीपासून दूर राही. त्या दगडापुढे उकिडवे बसून रस्त्याकडच्या अंगावरून बोट फिरवावे. चाकावरच्या लोखंडी धावेने, म्हणजे पट्टीने, घासून काही ठिकाणी आडवी, उथळ खाच पडलेली असते, बोटाला ती बशीच्या कडेसारखी लागते, आणि भिंतीकडची बाजू मात्र छिन्नीच्या घावांसह खडबडीत राहिलेली असते. कोणत्या बाजूला झीज जास्त आहे ते पाहिले, की गाड्या बहुतेक कोणत्या दिशेने वळत असत हे सांगता येते, आणि जुना बाजार किंवा गिरणी कोणीकडे असावी याचा तर्क मित्रांमध्ये सुरू होतो.

उंबऱ्याच्या पायरीची झीजही अशीच बोलकी असते. खळगा मध्यभागी नसून एका बाजूला असेल तर दाराची एकच झडप नेहमी उघडत असली पाहिजे. दाराशेजारी जमिनीलगत लोखंडी पट्टी दिसली तर ती बुटांचा चिखल खरवडण्यासाठी असते, म्हणजे समोरचा रस्ता कधीकाळी कच्चा होता. खिडक्यांबाबत मात्र घाई करू नये. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी काही खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या हे खरे. पण दर्शनी भाग प्रमाणबद्ध दिसावा म्हणून मुळातच बंद बांधलेल्या खिडक्याही दिसतात. विटांचा रंग आणि सांधे भोवतालच्या भिंतीशी जुळत असतील तर खिडकी बहुधा पहिल्यापासून बंदच आहे.

वाट चुकली तर

चालण्याच्या पहिल्या अर्ध्या भागात वाट चुकली तर खुशाल चुकू द्यावी, दुसऱ्या अर्ध्या भागात नकाशा बाहेर काढावा. नगररचनेचे अभ्यासक केविन लिंच यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की माणूस शहर मनात साठवतो ते वाटा, कडा, विभाग, नाके आणि ठळक खुणा या पाच गोष्टींनी. निघताना एक कड आणि एक उंच खूण मनाशी पक्की करावी, उदाहरणार्थ उत्तरेला रेल्वेमार्ग आणि मधोमध मनोरा. एवढ्यावर कोणत्याही गावठाणातून पंधरा मिनिटांत बाहेर पडता येते. बंद बोळीत शिरलो आणि पुढे फक्त कोणाचे तरी फाटक आले, तर ते ढकलून पाहू नये. गुपचूप मागे वळावे.

शेवटची पंधरा मिनिटे

साडेबारानंतर नवे काही पाहायला जाऊ नये. हा टप्पा सपाट, सावलीचा आणि शक्य तर सरळ असावा, म्हणजे पुढचे आणि मागचे एकत्र येतात आणि मागे राहिलेल्या गप्पा पुऱ्या होतात. वाटेत काही खाण्याचा मोह झाला तर अर्धी भूक तिथेच मरते, म्हणून घोटभर पाण्यावर भागवावे. वेळेआधी पोहोचलात तर दारात गर्दी न करता जवळच्या ओट्यावर किंवा बाकावर बसावे.

टेबलाशी बसल्यावर ताटे येण्याआधी एक कोरा कागद मधोमध ठेवावा आणि मोबाइल न उघडता सगळ्यांनी मिळून चाललेली वाट आठवून काढावी. कोणाला कोपऱ्यातला दगड आठवतो, कोणाला झाड, कोणाला डावे वळण उजवे वाटलेले असते, आणि त्यावरून वाद रंगतो. जिथे फाटा फुटला पण आपण आत शिरलो नाही, त्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक टिंब द्यावे. कागदावर तारीख घालून तो एकाने घरी न्यावा. पुढच्या खेपेला पावणेअकरा वाजता त्याच टिंबांपैकी एकापासून निघायचे असते.